घरातल्या कुंडीत कोणतं झाड, फिटोनिया की पेपरोमिया?
परभणीत मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं गेला की फिटोनिया दुपारी मान टाकते. पानं ओल्या फडक्यासारखी कुंडीच्या काठावर लोळतात. पाणी घातलं की काही तासांत पुन्हा ताठ! मूळची पेरू देशाकडच्या दमट जंगलातली, आपली कोरडी हवा तिला सोसत नाही. मी तिला रांजणाजवळ, खडे आणि पाणी घातलेल्या ताटलीवर ठेवते.

पेपरोमियाचं उलटं. जाड पानांत पाणी साठवतो, म्हणून वरची बोटभर माती वाळल्याशिवाय पाणी नको. आमच्या सासूबाई मायेनं रोज तांब्याभर ओतायच्या. मुळं कुजून गेली.

बोअरच्या जड पाण्यानं दोन्ही कुंड्यांवर पांढरा थर चढतोच. लग्नसराईत आठवडाभर गावाला जाणार असाल तर पेपरोमियाच घ्या. लाल शिरांच्या फिटोनियाची सर मात्र त्याला नाही.