पितृपक्षात टाकलेलं विंडोज ११

कराडला कोर्टाजवळ माझं टायपिंग आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. सकाळी अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार. दुपारनंतर लग्नपत्रिका, बायोडाटा आणि गणपतीच्या आधी मंडळांचे अहवाल. दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर, एक कलर प्रिंटर, मी आणि हाताखाली एक पोरगी. एवढ्यासाठी सांगितलं, की ‘विंडोज ११ चांगलं आहे का’ या प्रश्नाला माझ्याकडे या दुकानापुरतंच उत्तर आहे.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, ही पाटी स्क्रीनवर कितीतरी महिने येत होती आणि मी ती बिनदिक्कत बंद करत होते. चालू गाडीचं बॉनेट उघडायचं नाही, असा माझा स्वभाव. पुण्याचा भाचा मात्र मागे लागला होता. ‘आत्या, त्या तारखेला मशीन बंद पडणार नाहीये गं. पण नंतर भोक सापडलं तर बुजवायला कोणी येणार नाही.’ मग त्याने २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसची आठवण काढली. तो मे महिन्यात जगभर पसरला, पण त्यावरचा पॅच, म्हणजे भोक बुजवणारं अपडेट, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी टाकलं नव्हतं त्यांच्या फायली कुलपात गेल्या. माझ्याकडे लोकांची आधार कार्डं, सातबारे आणि घटस्फोटाचे अर्ज पडलेले असतात. हे ऐकल्यावर मात्र मी पाटी नीट वाचली.

मुहूर्त मी माझ्या हिशोबाने काढला. पितृपक्षात लग्नपत्रिकेचं गिऱ्हाईक फिरकत नाही. आणि अकरा टाकल्यावर पटलं नाही तर दहा दिवसांच्या आत सेटिंगमधल्या रिकव्हरीत जाऊन पुन्हा दहावर येता येतं. त्यानंतर जुन्या विंडोजचा फोल्डर आपोआप पुसला जातो. पंधरवड्यात दहा दिवस आरामात बसतात. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, या दिवसांत नवं काही करू नये.’ मी म्हटलं, नवं कुठे, फुकट आहे. तेही खरंच: दहाचं लायसन्स असेल तर अकराला पैसे पडत नाहीत.

पहिली गंमत बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, झाली. पीसी हेल्थ चेक नावाचं मायक्रोसॉफ्टचं छोटं अ‍ॅप आहे, त्यात माझं मुख्य मशीन नापास! दहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, एसएसडी, आणि तरी नापास. कारण अकराला लागणारं टीपीएम २.०, म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग, सापडत नव्हतं. माझी खात्री झाली, की नवीन मशीन घ्यायला लावायचा हा डाव आहे. भाच्याने व्हिडिओ कॉलवर मोबाइल स्क्रीनसमोर धरायला सांगितला, मशीन चालू होताना डिलीटचं बटण दाबायला लावलं आणि आत कुठेतरी ‘पीटीटी’ नावाची, म्हणजे इंटेलच्या टीपीएमची, एक ओळ बंद होती ती चालू करवली. टीपीएम मशीनमध्येच होतं, फक्त झोपलेलं. असेंबल केलेलं मशीन असेल आणि प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा असेल, तर नवीन मशीनची चौकशी करण्याआधी हे बघा. माझे तीस-पस्तीस हजार वाचले.

डाउनलोड रात्रभर चाललं. दुसऱ्या दिवशी कोर्टाला सुट्टी होती, म्हणून सकाळीच बसले. त्याआधी डी ड्राइव्ह अख्खा बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवला आणि ती हार्डडिस्क काढून घरी कपाटात ठेवली. आमच्याकडे वीज कधी जाईल नेम नाही आणि यूपीएसची बॅटरी थकलेली, त्यामुळे शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या इन्व्हर्टरवरून वायर ओढून घेतली. सव्वा तास टक्के मोजत बसले. पंचाहत्तरला अडकल्यासारखं झालं तेव्हा दोन चहा झाले. पण झालं, आणि फायली, प्रोग्रॅम, पासवर्ड, सगळं जागच्या जागी.

दिसायला देखणं आहे, मान्य. स्टार्टचं बटण मधोमध गेलंय. ते सेटिंगमधून डावीकडे आणता येतं, मी पहिल्या पाच मिनिटांत आणलं. राइट क्लिकचा मेनू मात्र जिवावर येतो. वरवरच्या चार गोष्टी दाखवतो आणि खरं काम ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या मागे दडवतो. दिवसाला दोनशे वेळा राइट क्लिक करणाऱ्या माणसाला ही एक जास्तीची पायरी म्हणजे चपलेतला खडा. शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की थेट जुना मेनू येतो, एवढं शिकून घ्या.

नोटपॅडचं वेगळंच. आता त्यात टॅब आलेत आणि सेव्ह न करता बंद केलं तरी पुढच्या वेळी मजकूर जसाच्या तसा हजर. घरच्या माणसाला सोय. माझ्याकडे? संध्याकाळी आवरताना सहज उघडून बघितलं तर दिवसभरातल्या पाच जणांचे पत्ते, आधार नंबर आणि एका बाईंच्या पोटगीच्या अर्जाचा कच्चा मसुदा ओळीने उभे. उद्या समोरच्या पक्षाचे वकीलसाहेब खुर्चीत बसलेले असताना हे उघडलं असतं तर! नोटपॅडच्या सेटिंगमध्ये ‘दर वेळी नवीन सेशन’ असा पर्याय आहे, तो लगेच लावला. सायबर कॅफेवाले, सेतूवाले, टायपिंगवाले, आपण सगळ्यांनी हे आधी करावं.

मराठी टायपिंगला धक्का लागला नाही. इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड आहेत तसे राहिले. विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबलं की भाषा बदलते. प्रिंटरही चालला. तरी पाचशेचा स्टॅम्प पेपर घालण्याआधी कोऱ्या कागदावर मार्जिन तपासून घेतलं. ते मी एरवीही करते.

अर्धा दिवस गेला तो शेअरिंगमध्ये, आणि चूक माझीच होती. दुसऱ्या मशीनवरचा फोल्डर मी वर्षानुवर्षं पासवर्ड न ठेवता मोकळा सोडला होता. अकराच्या २४एच२ (म्हणजे २०२४ च्या उत्तरार्धातल्या) आवृत्तीत, विंडोजचा ‘प्रो’ प्रकार असेल तर, असं ओळख न दाखवता शिरणं मुळातच बंद केलंय. इंग्रजीत निरोप आला, की तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणानुसार प्रवेश नाही. संस्था कसली? मी आणि ती पोरगी! शेवटी दुसऱ्या मशीनवर पासवर्डसकट एक वेगळा युजर काढला आणि मार्ग मोकळा झाला. चिडले होते, पण दार उघडं टाकून झोपायची सवय मोडली हे बरंच झालं.

आता ते दुसरं मशीन. सहाव्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, विंडोज १० तेही ३२ बिट, म्हणजे जुन्या पद्धतीचं. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही, आणि प्रोसेसरही यादीत बसत नाही. आडवाटेने टाकून देणारे दुकानदार आहेत, मी त्या वाटेला गेले नाही. कारण त्या डब्यात माझं पेजमेकर, म्हणजे पत्रिकेची पानं जुळवायचं सॉफ्टवेअर, आहे. पेजमेकर ७ निघालं २००१ मध्ये आणि अ‍ॅडोबीने त्यावरचं काम कधीच थांबवलं, पण कराडात पत्रिकेच्या धंद्यात ते अजून मुरलेलं आहे. शिवाय जुन्या मराठी फॉण्टचं सॉफ्टवेअर, त्याचा डोंगल (जो लावल्याशिवाय ते चालत नाही), आणि त्या डोंगलचा ३२ बिटचा ड्रायव्हर. ते फॉण्ट युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी नीट दाखवणाऱ्या पद्धतीच्या, आधीचे. फॉण्ट नसेल तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. परवाच एक गृहस्थ थोरल्या मुलाची २०११ ची पत्रिका घेऊन आले, ‘ताई, धाकट्याची अगदी अशीच करा, फक्त नावं बदला.’ फाइल जुन्या मशीनवर एका क्लिकमध्ये उघडली.

म्हणून त्याचं इंटरनेट काढलं. राउटरची वायर उपटली, दोन मशीनमध्ये थेट एक वायर टाकली, आणि बाहेरचा पेनड्राइव्ह आधी नव्या मशीनवर तपासल्याशिवाय तिकडे लावायचा नाही असं पोरीला बजावलं. मॉनिटरवर कागद चिकटवलाय: ‘नेट जोडू नये.’

घरी ह्यांचा लॅपटॉप सातव्या पिढीचा, तोही अकराला अपात्र. हे निवृत्त शिक्षक. बँक आणि पेन्शनची कामं त्यावरच. त्याला नेटवरून काढणं शक्य नाही, म्हणून वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी केली. विंडोज १० ला ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते. तीस डॉलर भरा, नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर फुकट. खातं मात्र दोन्हीकडे लागतंच. ह्यांनी ‘माझी माहिती अमेरिकेला कशाला’ म्हणून दोन दिवस घोळ घातला, मग फुकट म्हटल्यावर तयार झाले.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा कापला राइट क्लिकसाठी, एक टास्कबार वर किंवा बाजूला नेता आला नाही म्हणून. माझा वर्षानुवर्षं डाव्या कडेला उभा होता, पान मोठं दिसायचं.

दर महिन्याच्या छोट्या अपडेटचं म्हणाल तर ते अमेरिकेत दुसऱ्या मंगळवारी निघतं, म्हणजे आपल्या दुकानात बुधवारी सकाळी दारात उभं. बुधवारी कोर्टाची गर्दी असते. मी ते आठवडाभर ‘पॉज’ करते, कोणाचं काय बिघडलं ते कानावर येऊ देते आणि पुढच्या रविवारी टाकते. पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं, पण तेवढं थांबू नका. आता त्यापुढच्या २५एच२ आवृत्तीची पाटी आली आहे. भाचा म्हणतो, २४एच२ वर असलात तर ते एवढंसं आहे, एका रिस्टार्टचं काम. असेल. पण तुळशीचं लग्न झालंय, टेबलावर सात पत्रिकांची प्रूफं पडलीत, त्यातल्या एकीत नवरदेवाचं नाव चुकलंय.