आठ महिने मॉनिटर वापरला, पण बोलायचंय अडॅप्टरबद्दल

२७ इंच, १४४०पी, आयपीएस (पॅनलचा एक प्रकार), १६५ हर्ट्झ (सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलतं), गेल्या गणपतीच्या आधी साडेसोळा हजाराला घेतलेला. बाकी स्पेक्स तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असतील. मला बोलायचंय ते मागं लोंबणाऱ्या काळ्या डबीबद्दल, म्हणजे अडॅप्टरबद्दल, कारण घेताना महिनाभर व्हिडिओ बघून डोळे दुखायला लागलेले पण ह्या डबीबद्दल एकजण बोलला असेल तर शपथ.

आधी चांगलं सांगतो, नाहीतर म्हणाल नुसता रडतोय. जुना ६० हर्ट्झवाला होता, त्यात एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद बसून राहते, १४४ ला ७ च्या आत, माऊस नुसता हलवला तरी फरक कळतो. १६५ मी लावलेलंच नाही. बॉक्समध्ये एचडीएमआयचीच केबल होती आणि ह्याचं एचडीएमआय १४४०पी ला १४४ च्या वर जात नाही, १६५ पाहिजे तर डिस्प्लेपोर्ट केबल वेगळी घ्या, आमच्या सांगलीत गणपती पेठेत सहाशे सांगितले. हिशोब केला तर १४४ ला ६.९ आणि १६५ ला ६.१, म्हणजे पुरता एक मिलिसेकंद पण वाचत नाही आणि सहाशे जातात. राहू दे म्हटलो. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, जड गेम त्याच्या डीएलएसएस फीचरच्या क्वालिटी मोडवर टाकतो, आत ९६०पी तयार होऊन वर ताणलं जातं, मला तरी कळत नाही. रात्री लाईट बंद करून खेळलं की कोपऱ्यात काळ्याच्या जागी धुरकट दिसतं, आयपीएसला ते असतंच, काळं काळंच पाहिजे तर व्हीए पॅनलवाला घ्या आणि मग अंधाऱ्या सीनमध्ये हलणाऱ्या माणसामागं शाई फासल्यासारखं ओघळतं ते सोसा. एचडीआर (उजेड-अंधार जास्त खुलवायचा मोड) एकदा चालू केलं, सगळं पिठात लोळवल्यासारखं दिसलं, बंद केलं ते केलंच.

तर एप्रिलात वळीव झाला त्या रात्री विश्रामबागेत लाईट चारदा गेली आणि आली. पीसी यूपीएसवर. मॉनिटर मात्र साध्या बोर्डात, कारण यूपीएसला तीन सॉकेट, एकात पीसी, एकात राउटर, तिसरं जळकं (हो, चूक माझीच, वडिलांनी तीनदा ऐकवून झालंय). सकाळी चालू केला तर लोगो येतोय, दोन सेकंदांनी काळा, परत लोगो, परत काळा, आणि डबीतनं बारीक टिकटिक. केबल बदलली, तेच. पीसी उचलून हॉलमधल्या टीव्हीला लावला तर तिथं व्यवस्थित. म्हणजे कार्ड वाचलं, मॉनिटर गेला. साडेसोळा हजार डोळ्यासमोर आले.

वॉरंटी तीन वर्षांची म्हणून कस्टमर केअरला फोन लावला. पहिले दोन दिवस नुसतं ‘सर रिस्टार्ट करून बघा’. मग कळालं सांगलीत सेंटर नाही, कोल्हापूरला आणा, आणि ओरिजिनल बॉक्स थर्माकोलसकट पाहिजे. थर्माकोल कुठलं राहतंय, आईनं गणपतीच्या मागं त्याचा डोंगर केला, बाजारात बंदी आहे तर घरात आलेलं कशाला टाकायचं म्हणून. मी म्हटलो अहो टिकटिक डबीतनंच येतेय, नुसता अडॅप्टर द्या, त्याच्यावरचं लेबल पण वाचून दाखवलं, १९ व्होल्ट २.५३ अँपिअर. तर म्हणे सुटा मिळत नाही, पूर्ण युनिट तपासावं लागेल. मूठभर डबीसाठी २७ इंची काच मांडीवर घेऊन एसटीनं पन्नास किलोमीटर! त्या दिवशी हे लिहायला बसलो असतो तर एक स्टार आणि वर शिव्या.

आमच्या कोपऱ्यावर टीव्ही रिपेअरवाले काका आहेत. त्यांनी मीटर लावला, १९.१ दाखवला. मी म्हटलो संपलं, अडॅप्टर ठीक म्हणजे पॅनलच गेलंय. काका हसले, म्हणाले, "बाळा, रिकामी गाडी कुठला पण बैल ओढतोय, उसाची भरून बघ." मॉनिटर जोडून परत मीटर धरला तर १९ वरनं धाडकन ११, परत १९, परत खाली, तीच टिकटिक. डबी फोडली तर आत कपॅसिटर टम्म फुगलेला. घरात लॅपटॉपचा १९ व्होल्टचाच अडॅप्टर पडून होता पण पिन बसेना, ह्या मॉनिटरच्या पिनीत मधोमध सुई आहे. शेवटी काकांनीच ६५० ला मिळवून दिला. व्होल्ट तेवढेच पाहिजेत, अँपिअर जास्त असले तर चालतात पण कमी नको, आणि पिनीचा प्लस आत का बाहेर ते बघूनच घ्यायचं, एवढं सांगितलं आणि चहाचे पैसे पण त्यांनीच दिले.

आता इथं माझं मत फिरलं. मिरजेच्या मित्राकडं ज्यात तीन पिनची केबल थेट मॉनिटरला लागते तसला आहे, मी आठ महिने म्हणत होतो बघ कसं सुटसुटीत, आपल्याला ही शेपटी कशाला. पण त्याचं पॉवर बोर्ड आत असतंय. हाच झटका त्याच्यात बसला असता तर मॉनिटर उघडायला लागला असता, म्हणजे वॉरंटी गेली, नाहीतर कोल्हापूर आहेच. माझी डबी स्वतः मेली, पॅनलला धक्का नाही. त्यामुळं ज्यांच्या गावात सेंटर नाही त्यांनी घेताना कंपनीचं नाव वाचायच्या आधी मॉनिटर फिरवून मागं बघा, आणि डबीवाला असेल तर तसली पिन गावात मिळते का ते आधी विचारून या. सुटा अडॅप्टर द्यायला कंपनीचं काय जात होतं हे मात्र अजून कळालेलं नाही, वर ‘तुमची तक्रार सोडवली आहे’ असा मेसेज आला, काकांनी सोडवलेली.

मॉनिटर आता यूपीएसवर आहे, राउटर साध्या बोर्डात. त्याची पण डबीच आहे, १२ व्होल्टची, दीडशेला मिळते. वडिलांचं त्याच्यावर पण म्हणणं आहेच.