व्हॅटिकन रेडिओ: आवाज सुधारला, रेडिओ मात्र शोधावा लागतो

पोपच्या व्हॅटिकनमधून चालणाऱ्या व्हॅटिकन रेडिओच्या आवाजाबद्दल आज तक्रार करायला जागा नाही. इतका स्वच्छ तो कधीच ऐकू येत नव्हता. पण रेडिओ लावायचा म्हणून कुणी गेलं, तर समोर येतं ते व्हॅटिकन न्यूज हे बातम्यांचं संकेतस्थळ. आधी मजकूर, फोटो, व्हिडिओ, आणि ऐकायचं काय ते आपण शोधायचं. वर्षानुवर्षं ऐकणाऱ्या माणसाला खटकतं ते इथेच.

हे केंद्र १२ फेब्रुवारी १९३१ ला सुरू झालं. उभारणी स्वतः रेडिओचे जनक मार्कोनी यांची, आणि पहिला संदेश पोप पायस अकरावे यांचा, लॅटिनमधून. कारभार पहिल्यापासून येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूंकडे होता. १९५७ मध्ये रोमबाहेर सांता मारिया दी गलेरिया इथे मोठं प्रक्षेपण केंद्र झालं आणि आवाज खऱ्या अर्थाने जगभर पोचू लागला. मोठी कात्री लागली १ जुलै २०१२ ला. युरोपचा बहुतेक भाग आणि अमेरिका खंडासाठीचं शॉर्टवेव्ह (दूरदेशी पोचणाऱ्या लघुलहरी) व मीडियमवेव्ह (मध्यमलहरी) प्रसारण थांबलं आणि त्या केंद्राचे प्रसारणाचे तास निम्म्यावर आले. पुढे जून २०१५ मध्ये व्हॅटिकनचं नवं संपर्कमाध्यम खातं स्थापन झालं आणि २०१७ च्या सुरुवातीला रेडिओ त्यात विलीन झाला. खर्च वाचवणं आणि सगळी माध्यमं एका छताखाली आणणं, ही दोन्ही कारणं समजण्यासारखी आहेत. पण रेडिओचं स्वतंत्र घर गेलं ते गेलंच.

त्याची खूण कानाला लगेच कळते. शॉर्टवेव्हवर कार्यक्रमाआधी ‘ख्रिस्तुस विंचित’ (ख्रिस्त विजयी होतो) या लॅटिन स्तोत्राची धून पुन्हा पुन्हा वाजायची. ही नुसती सजावट नव्हती. ती वाजत असताना डायल अर्धा केस इकडेतिकडे करून सूर स्थिर करायचा, अँटेना फिरवून घ्यायची, आणि ‘लाउदेतुर येसुस ख्रिस्तुस’ (येशू ख्रिस्ताची स्तुती असो) कानावर पडेपर्यंत घरातली माणसं जागेवर बसलेली असायची. पॉडकास्टला ही प्रतीक्षा नसते. केव्हाही ऐका म्हटलं की बरेचदा ऐकायचं राहूनच जातं. रोजच्या जपमाळेसारखी ठरलेली वेळ हीच या सेवेची ताकद होती.

आता व्यवहाराचं. वसईपासून नाशिक-पुण्यापर्यंतच्या मराठी ख्रिस्ती श्रोत्याला इंग्रजी किंवा हिंदी विभाग सोयीचा पडतो. पोपसोबतची रविवारची अँजेलस ही मरियेची प्रार्थना रोमच्या दुपारी १२ ला असते, म्हणजे युरोपातल्या उन्हाळ्यात आपल्याकडे ३.३० आणि हिवाळ्यात ४.३०. युरोपातली घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. नेमक्या त्या आठवड्यात बरेच जण तासभर चुकतात. इंटरनेटवरून ऐकताना ६४ केबीपीएस वेगाचा प्रवाह तासाला साधारण २९ एमबी डेटा खातो, १२८ चा ५८. पडदा बंद झाल्यावर आवाज तुटत असेल तर बहुतेक वेळा फोनची बॅटरी-बचत ॲपला झोपवत असते; सेटिंगमध्ये त्या ॲपपुरतं ते बंधन काढावं. सगळ्यांत सोपी वाट म्हणजे पॉडकास्ट ॲपमध्ये हवा तो कार्यक्रम जोडून वाय-फायवर आपोआप उतरवून घेणं. वडीलधाऱ्यांना हे एकदा लावून दिलं की रोज शोधाशोध उरत नाही.

शॉर्टवेव्ह पूर्ण बंद झालेली नाही. आफ्रिकेसाठीचं प्रसारण चालू आहे आणि ते इथूनही पकडता येतं. मात्र जुन्या वहीतल्या फ्रीक्वेन्सी धरून बसू नये, कारण वर्षातून दोनदा, घड्याळांबरोबरच, वेळापत्रक बदलतं. शहरात अडथळा असतो तो एलईडी दिवे, चार्जर आणि राउटरच्या खरखरीचा. रेडिओ सेलवर चालवावा, खिडकीशी किंवा गच्चीवर न्यावा, आणि ६ ते ८ मीटर वेष्टनाची तांब्याची तार अँटेनेला चिमट्याने लावावी. स्वस्त सेटला याहून लांब तार लावली तर जवळची जोरदार केंद्रं एकमेकांवर चढतात आणि हवं ते केंद्र बुडतं. हे काहीच जमत नसेल तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून चालवता येणारा रेडिओ, ब्राउझरमध्ये उघडून तिथला संच फिरवता येतो.

ऐकल्याचा अहवाल केंद्राला पाठवायचा तर तारीख, जागतिक वेळ (यूटीसी), किलोहर्ट्झमधली फ्रीक्वेन्सी, सिनपोचे (आवाजाचा दर्जा सांगणारे) पाच आकडे, रेडिओ संच, अँटेना आणि निदान पंधरा मिनिटांचा कार्यक्रमाचा तपशील हवा. हमखास चूक होते ती तारखेची: आपल्याकडे ५ तारीख लागून रात्रीचे दीड वाजलेले असतात तेव्हा जागतिक वेळेने ४ तारखेचे २०.०० झालेले असतात. या अहवालांमुळे केंद्राला कळायचं, की अमुक गावी आपल्याला कुणीतरी कान देऊन ऐकतंय. संकेतस्थळावरच्या भेटींचा आकडा ते सांगू शकत नाही.

काळजी उगाच नाही. आशियासाठीच्या कॅथलिक रेडिओ व्हेरितासने ३० जून २०१८ ला शॉर्टवेव्ह थांबवून सगळा भर इंटरनेटवर दिला. सांता मारिया दी गलेरियाच्या जमिनीवर शेतीसह सौरऊर्जा प्रकल्प उभारण्याचा निर्णय पोप फ्रान्सिस यांनी जून २०२४ मध्ये घेतला. निर्णय चांगलाच आहे, पण अँटेनांचं पुढे काय, हे श्रोत्यांना स्पष्ट सांगायला हवं. पोप लिओ चौदावे १९ जून २०२५ ला या केंद्रावर गेले, तेव्हा लॅटिन अमेरिकेत आणि आफ्रिकेत मिशनरी काम करताना शॉर्टवेव्हचा किती उपयोग झाला, हे त्यांनी तिथल्या मंडळींना सांगितलं. ज्या ठिकाणी दुसरी केंद्रं क्वचितच पोचतात तिथे ही लहर पोचते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे. म्हणूनच आशेला जागा आहे.

मागणं फार नाही. ॲप उघडताच पहिलं बटण ‘ऐका’ असावं. वेळापत्रकात भारतीय वेळ द्यावी. आठवड्यातून एक कार्यक्रम श्रोत्यांच्या पत्रांना द्यावा, आणि दक्षिण आशियासाठी शॉर्टवेव्हवर रोज निदान अर्धा तास कायमचा राखून ठेवावा.