रीथिंकिंग ड्रिंकिंग : खेळाडू मुलांच्या पालकांनीही उघडावे असे संकेतस्थळ

अमेरिकेतील महाविद्यालयीन संघांत खेळणाऱ्या मुलामुलींच्या मद्यपानाची ज्यांना काळजी वाटते, त्यांनी ‘रीथिंकिंग ड्रिंकिंग’ हे संकेतस्थळ जरूर वाचावे. एनआयएएए ही मद्यपानाच्या परिणामांवर काम करणारी अमेरिकी सरकारी संशोधन संस्था ते विनामूल्य चालवते आणि ते वापरताना नाव-गाव सांगावे लागत नाही. वयाच्या 21 वर्षांपर्यंत मद्य विकत घेण्यास बंदी असलेल्या देशात, प्रशिक्षकाच्या कानावर जाईल या धास्तीने गप्प राहणाऱ्या खेळाडूला ही मोठीच सोय आहे.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो ड्रिंकचे माप काढणारा गणक. अमेरिकेत एक ड्रिंक म्हणजे 14 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. 5 टक्क्यांच्या बिअरच्या 355 मिलीच्या कॅनमध्ये ते तेवढे असते. मात्र 473 मिलीचा 7 टक्क्यांचा कॅन घेतला, की हातात कॅन एकच असला तरी हिशेबात जवळपास दोन ड्रिंक भरतात. सामना जिंकल्याच्या आनंदात असे दोन कॅन दोन तासांत संपवणारी मुलगी, स्त्रियांच्या बाबतीत ‘बिंज’ (थोड्या वेळात अति पिणे) समजल्या जाणाऱ्या चार ड्रिंकच्या अगदी जवळ पोहोचते, आणि आपण दोनच घेतले असे तिला प्रामाणिकपणे वाटत असते.

खेळाडूंच्या वांशिक पार्श्वभूमीचा विचार मात्र या गणकात येत नाही. अमेरिकी महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या सर्वेक्षणांत गोऱ्या खेळाडूंमध्ये मद्यपान कृष्णवर्णीय खेळाडूंपेक्षा अधिक आढळले आहे. पण लॅक्रॉस आणि आइस हॉकी हे अधिक पिणाऱ्या संघांचे खेळ बहुतांशी गोऱ्यांचे, तर वरच्या श्रेणीच्या बास्केटबॉलमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू जास्त, त्यामुळे यातला किती फरक घरच्या संस्कारांचा आणि किती संघाच्या रिवाजाचा, हे निव्वळ टक्केवारीवरून सांगता येत नाही. पूर्व आशियाई वंशाच्या अनेकांना जनुकीय कारणामुळे मद्यापासून शरीरात तयार होणाऱ्या ॲसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्याचे विघटन नीट करता येत नाही, थोड्याशा मद्यानेही त्यांचा चेहरा लाल होतो, आणि नियमित प्यायल्यास अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका त्यांना अधिक असतो. अशा मुलाने एकच ड्रिंक घेतली, तरी ती संघातल्या इतरांच्या एका ड्रिंकसारखी नसते.

संकेतस्थळ स्पॅनिशमध्येही असल्याने लॅटिनो पालकांना ते मुलांबरोबर वाचता येते. ज्या मराठी घरांत दारूचा विषयच निघत नाही, त्यांनी निदान हा गणक तरी मुलांसोबत बसून वापरावा. उपचारांची गरज वाटल्यास याच संस्थेचे, उपचार कुठे मिळतील ते शोधायला मदत करणारे ‘अल्कोहोल ट्रीटमेंट नेव्हिगेटर’ हे संकेतस्थळ पाहावे.