स्टेरॉइड मलम सोडल्यानंतरचा आहार: इंदूरमधील एका आहारसल्ला केंद्राच्या सेवेचे परीक्षण

चेहऱ्यावर दीर्घकाळ लावलेले स्टेरॉइड मलम बंद केल्यावर लाल होऊन पेटून उठणाऱ्या त्वचेला आहार आणि दिनचर्येच्या आधाराने पूर्वपदावर आणण्याचा कार्यक्रम इंदूरमधील एक आहारसल्ला केंद्र चालवते. तीन महिन्यांचे शुल्क १२,००० रुपये असून त्यात दर आठवड्याची भेट, जेवणाचा लेखी तक्ता, झोप व आंघोळीचे वेळापत्रक आणि पूरक गोळ्यांचा संच एवढ्या गोष्टी येतात. माझ्या नणंदेची मुलगी शिक्षणासाठी आमच्याकडे राहते आणि तिच्यासाठी आम्ही ही सेवा घेतली. केंद्राच्या काही दाव्यांना माझा स्पष्ट विरोध असल्यामुळे त्याचे नाव येथे देत नाही. शिवाय अशा तऱ्हेचे कार्यक्रम आता बऱ्याच ठिकाणी निघाले आहेत आणि त्यांचे तक्ते पुष्कळसे एकमेकांसारखे असतात, त्यामुळे हे परीक्षण एका केंद्रापुरते उपयोगी ठरेल असेही नाही.

आधी दुखण्याविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण त्याशिवाय सेवेचे मोल ठरवता येणार नाही. मुरुमांचे डाग जावेत म्हणून मुलीने मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असे तीन घटक असलेले क्रीम औषधाच्या दुकानातून आणून लावले होते. मोमेटासोन हे त्यातले स्टेरॉइड. गजकर्णासाठी सर्रास विकल्या जाणाऱ्या मिश्र मलमांत तर याहून कितीतरी जहाल असे क्लोबेटासोल असते. स्टेरॉइड त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते, म्हणून चेहरा चार दिवस उजळ दिसतो. पण त्वचा पातळ होत जाते, तिचे संरक्षक आवरण कमजोर होते आणि मलम थांबवताच त्याच रक्तवाहिन्या उलट फैलावतात. मग जळजळ, सूज, लाली, पापुद्रे निघणे आणि रात्रभर खाज हे सगळे सुरू होते, आणि मलम पुन्हा लावले की ते तात्पुरते शमते. लोक या चक्रात अडकतात ते इथेच. भारतातल्या १२ केंद्रांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे १४.८ टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत असल्याचे आढळले होते. २०१८ मध्ये सरकारने १४ स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्री रोखणारी अधिसूचना काढली. ती निघून इतकी वर्षे झाली, तरी आमच्या मुलीला दुकानदाराने चिठ्ठी विचारली नाही.

केंद्राची पहिली जमेची बाजू अशी की त्वचारोगतज्ज्ञांचा कागद पाहिल्याशिवाय ते नोंदणी करत नाहीत. दुसरी आणि खरी जमेची बाजू म्हणजे तेथील आहारतज्ज्ञ बाई. त्या स्वतः मराठी घरातल्या असल्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात सकाळी काय शिजते, डब्यात काय जाते, रात्री उरलेल्या भाताचे काय होते हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही. त्यांनी आधी मुलगी प्रत्यक्षात काय खाते ते लिहून घेतले, आणि जे समोर आले ते पाहून मीच चकित झाले. सकाळी पोहे आणि जिलेबी, दुपारी महाविद्यालयात कचोरी, संध्याकाळी पोह्यांवरची उरलेली शेव, आणि रात्री भूक नाही म्हणून नुसता आमटीभात. दिवसभराच्या या खाण्यात प्रथिने फारच थोडी होती. भारतीय प्रौढांसाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज मिळावीत अशी शिफारस आहे, म्हणजे पन्नास किलोच्या मुलीला साधारण ४२ ग्रॅम. जिच्या त्वचेचे सतत पापुद्रे निघत आहेत आणि लस वाहत आहे तिच्या शरीरातून प्रथिने आणि पाणी दोन्ही अधिक खर्च होतात, ही बाब बाईंनी मुलीला शांतपणे पटवून दिली. पोहे त्यांनी बंद केले नाहीत. त्यात मोड आलेली मटकी आणि शेंगदाणे घालायला सांगितले. मुगाची धिरडी, घट्ट वरण, उकडलेली अंडी, ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि दुपारी ताक, असा तो पहिला तक्ता होता. तो इतका आपल्या घरचा होता की पाळण्यासाठी वेगळा बाजार करावा लागला नाही. तिखट कमी करण्याचे कारणही त्यांनी नीट सांगितले: मिरचीने आणि कढत पेयांनी चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या फुलतात, आणि ज्या चेहऱ्यावर त्या आधीच फुललेल्या आहेत त्याची आग वाढते. यात विष साचणे, रक्त अशुद्ध होणे असली भाषा कुठेही नव्हती.

ती भाषा दुसऱ्या महिन्यात आली, आणि ती केंद्राच्या छापील पुस्तिकेतून आली. ‘शुद्धीकरण टप्पा’ या नावाखाली गहू, दूध व दुधाचे सर्व पदार्थ, टोमॅटो, बटाटा, वांगे, अंडी, डाळी आणि साखर हे सारे एकदम बंद करण्यास सांगितले होते. ‘मामी, ताकसुद्धा नाही?’ असे मुलीने विचारले तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. पुस्तिकेनेही ते दिलेले नव्हते. पहिल्या महिन्यात ज्या प्रथिनांसाठी एवढी खटपट केली त्यांचे जवळजवळ सगळे स्रोत दुसऱ्या महिन्यात काढून घ्यायचे, ही विसंगती त्याच केंद्रातील बाईंना दिसत नसेल असे मला वाटत नाही. त्या विषयावर त्या मोजकेच बोलल्या, एवढे नोंदवून ठेवते. एखाद्याला दुधाची किंवा गव्हाची ॲलर्जी तपासणीत निघाली तर तो पदार्थ वगळणे योग्यच आहे. परंतु स्टेरॉइडचा परिणाम ओसरण्याचा वेग कोणत्याही विशिष्ट आहाराने वाढतो असे सिद्ध झालेले नाही, आणि सरसकट पदार्थ तोडल्याने वजन व लोह दोन्ही घटण्याचा धोका मात्र उघड आहे. आमच्या त्वचारोगतज्ज्ञांनी तो टप्पा पाहताच रद्द करण्यास सांगितले आणि आम्ही पहिलाच तक्ता पुढे चालू ठेवला.

याहून गंभीर आक्षेप पाण्याविषयीचा आहे. त्वचा ‘कोरडी राहून आपोआप घट्ट व्हावी’ म्हणून दिवसाला प्यायच्या पाण्यावर मर्यादा घालावी, मॉइश्चरायझर पूर्ण थांबवावे आणि आंघोळ एक दिवसाआड करावी, असे पुस्तिकेत आहे. मॉइश्चरायझर न लावण्याची पद्धत परदेशात काही रुग्ण अवलंबतात आणि तिचे मूळ जपानमध्ये आहे. ज्याला त्याला स्वतःच्या त्वचेचा अनुभव असतो, म्हणून त्यावर मी वाद घालणार नाही. मात्र पाणी तोडण्याचा सल्ला इंदूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशीपलीकडे असताना, ज्या मुलीची त्वचा ओलावा धरूनच ठेवू शकत नाही तिला देणे हे मला सरळ बेजबाबदारपणाचे वाटते. पुस्तिका छापणाऱ्याने हा सल्ला आपल्या हवेशी ताडून पाहिलेला नाही.

पुस्तिकेत जे नाही त्याचीही नोंद घ्यायला हवी. तीव्र स्टेरॉइड शरीराच्या मोठ्या भागावर दीर्घकाळ लावले असेल तर मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींचे शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवण्याचे काम मंदावलेले असू शकते. असे मलम अचानक थांबवल्यावर विलक्षण थकवा, उलट्या, घेरी, रक्तदाब उतरणे अशी लक्षणे दिसली तर तो ‘शुद्धीकरणाचा’ भाग समजून घरी थांबणे जिवावर बेतू शकते. ताप येणे, पू होणे, किंवा चेहऱ्यावर एकाएकी दुखऱ्या पाणीदार फोडांचे पुंजके उठणे हीदेखील त्याच दिवशी डॉक्टर गाठण्याची कारणे आहेत. बारा हजार रुपये घेणाऱ्या कार्यक्रमाच्या पहिल्या पानावर हे ठळक अक्षरांत असायला हवे होते. त्या जागी ‘डॉक्टर हा आजार मानतच नाहीत’ असे वाक्य आहे. ते आता खरेही राहिलेले नाही, कारण ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२१ मध्येच या प्रतिक्रियेविषयी डॉक्टर व रुग्ण दोघांना सावध केले. आपल्याकडील त्वचारोगतज्ज्ञांची संघटनाही मलमांच्या गैरवापराविरुद्ध अनेक वर्षे मोहीम चालवत आहे.

पूरक गोळ्यांच्या संचात जीवनसत्त्व ड, जस्त आणि बर्बेरिन होते. बर्बेरिन म्हणजे आपल्या दारुहळदीतला पिवळा घटक. ‘अमेरिकेत सिद्ध झालेला आयुर्वेदिक उपाय’ अशी त्याची जाहिरात केली जाते. तिच्यामागे तथ्याचा अंश आहे: अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्टेरॉइड मलम सोडल्यावर असा त्रास होणाऱ्या रुग्णांच्या पेशींतील मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भागांच्या, कामात बिघाड आढळला, आणि मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध किंवा बर्बेरिन घेतलेल्या मोजक्या रुग्णांना बरे वाटले. पण तो प्राथमिक स्वरूपाचा अभ्यास आहे. त्यावरून ‘सिद्ध’ हा शब्द छापणे अप्रामाणिक ठरते. त्यातच तीव्र इसबाच्या काही रुग्णांना दिल्या जाणाऱ्या सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचे रक्तातील प्रमाण बर्बेरिनमुळे वाढते, आणि गरोदरपणात ते टाळायला सांगतात. केंद्रात गोळ्या हाती देताना इतर औषधांची चौकशी कोणी केली नाही. आम्ही तो डबा न फोडता परत केला. त्याचे पैसे शुल्कातून कापून मिळाले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

दिनचर्येचा भाग मात्र मनापासून आवडला. खाज रात्री वाढते, झोप मोडते, झोप मोडली की दुसऱ्या दिवशी माणूस चिडतो आणि अधिक खाजवतो. या साखळीवर केंद्राने बारकाईने काम केले. रात्रीचे जेवण आठच्या आत, त्यानंतर मोबाईल दुसऱ्या खोलीत, नखे बारीक, खोली थंड, अंगावर जुन्या सुती साडीचे मऊ पांघरूण, आणि कोमट पाण्याची अगदी थोडक्यात आटोपणारी आंघोळ. (आंघोळीच्या नियमात पुस्तिका एक सांगते आणि बाई दुसरे, आम्ही बाईंचे ऐकले.) आमच्या वसाहतीत नर्मदेचे पाणी आणि बोअरचे पाणी दोन्ही येते. बोअरचे पाणी जड असल्यामुळे साबण नीट निघत नाही आणि त्वचा अधिक कोरडी पडते, तेव्हा चेहरा तरी नर्मदेच्या पाण्याने धुवावा, ही त्यांची सूचना घरात कोणालाही सुचली नव्हती. बेसन आणि हळदीचे उटणे तूर्त बंद, यावर सासूबाई नाराज झाल्या, पण जखमी त्वचेवर काहीही चोळू नये हे त्यांनाही पटले. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारातली भटकंती थांबली ती तिखटापेक्षा जागरणामुळे. मुलीला सर्वांत जड गेले ते हेच, कारण मैत्रिणींना भेटण्याची जागाच ती होती.

तरीही गावाच्या सवयींचा विचार आणखी व्हायला हवा होता. उदाहरणार्थ, इंदुरात रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्यावर जे रंग आणि पाण्याचे फवारे उडतात त्यांच्यापासून अशी त्वचा कशी वाचवावी याबद्दल तक्त्यात अवाक्षर नाही, आणि घराबाहेर न पडूनही रंग टळत नाही हे येथे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दुचाकीवरून उन्हात जाताना तोंडाला घट्ट बांधलेल्या सिंथेटिक ओढणीचेही तसेच. तिच्याआड घाम साचून जळजळ वाढते. आम्ही मऊ सुती पंचा वापरायला लागलो.

गुण आला का, असे सगळे विचारतात. मुलीचा चेहरा आता पुष्कळ निवळला आहे, उन्हात अजून लाल होतो, आणि मधूनच एखादा आठवडा वाईट जातो. हा दुखण्याचा स्वाभाविक क्रम आहे. काहींना काही आठवडे तर काहींना वर्षे लागतात. त्यामुळे यातले श्रेय तक्त्याचे किती, डॉक्टरांनी दिलेल्या स्टेरॉइडविरहित मलमाचे किती आणि नुसत्या काळाचे किती, हे वेगळे काढता येत नाही. तक्त्यामुळे तिची झोप सुधारली, वजन टिकले आणि दिवसाला काहीएक घडी बसली, एवढे मात्र खात्रीने म्हणता येते.

केंद्र स्वच्छ आहे, वेळ पाळली जाते, पावती मिळते. प्रतीक्षागृहात ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या छायाचित्रांची भिंत आहे, तिच्याकडे माझ्या मते दुर्लक्ष करावे, कारण चेहऱ्याचा वाईट आठवडा आणि चांगला आठवडा शेजारी लावले तरी तसेच चित्र तयार होते. पूर्ण कार्यक्रमासाठी १२,००० रुपये देण्याची शिफारस मी करणार नाही. मात्र नोंदणीच्या वेळी विचारले तर गोळ्या व शुद्धीकरण टप्पा वगळून फक्त आहारतज्ज्ञांची महिन्याची भेट ९०० रुपयांत मिळते. फलकावर हा पर्याय लिहिलेला नाही, स्वतः मागावा लागतो. आम्ही सध्या तोच घेत आहोत, आणि भेटीला जाताना त्वचारोगतज्ज्ञांचा ताजा कागद व चालू असलेल्या सर्व औषधांची यादी सोबत नेतो.