मिनीकॉमिक छापायचं : झेरॉक्स की रिसो?

सोळा पानांचं कॉमिक काढून तयार आहे, डमी दुमडून पानांचा क्रमही लावलाय, आता छापायचं कुठे, असं विचारणारे पुण्यात हल्ली बरेच भेटतात. पन्नास-शंभर प्रतींसाठी ऑफसेट परवडत नाही. उरतात दोघं: कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला आणि पेठेत क्लासच्या प्रश्नपत्रिका छापणारा रिसोवाला. रिसो म्हणजे स्टेन्सिलमधून शाई कागदावर उतरवणारं छपाईयंत्र. मी दोघांकडेही छापून घेतलंय.

रिसोचा काळा मला आजही जास्त आवडतो. मॅपलिथोवर, म्हणजे साध्या बिनचकाकीच्या कागदावर, तो मुरतो, चकाकत नाही. ब्रशने भरलेलं आभाळ ब्रशने भरल्यासारखंच दिसतं. झेरॉक्सचा काळा म्हणजे कागदावर वितळवलेली पूड. मोठ्या भरावात पट्टे उमटतात, घडीवर आला तर तडकतो आणि दोन पानांवर पसरलेल्या चित्रात पांढरी रेघ नेमकी पात्राच्या नाकावरून जाते.

तरी मी झेरॉक्सकडे वळलो, ते शाईपायी. रिसोत उष्णतेने काही पक्कं होत नाही, शाई नुसती कागदात शोषली जाते. उन्हाळ्यात खपून जातं. आषाढ-श्रावणात इथे दोरीवरचा टॉवेल दोन दिवस वाळत नाही, तिथे शाई काय वाळणार! समोरासमोरच्या पानांवर एकमेकांची सावली उमटली आणि समासात वाचणाऱ्यांचे अंगठे. टेबलावर मांडलेली प्रत लोक उचलायचे, चाळायचे, मग स्वतःची बोटं बघायचे आणि हळूच खाली ठेवायचे. मिनीकॉमिक काढणाऱ्या मंडळींत विक्रीपेक्षा अदलाबदल जास्त चालते, तुझं एक, माझं एक. दहा हातांतून फिरावी म्हणून काढलेली वस्तू कोणी हातात घेतली की माझ्याच पोटात गोळा यायचा. हे काही मला सोसेना.

आता माझी चित्रं काळ्याने गच्च भरलेली असतात, हेही खरं. नुसत्या रेषेचं काम असेल तर तुम्हाला हा त्रास कदाचित जाणवणारही नाही. आणि दोन रंग हवे असतील तर रिसोच बघा. मात्र रंगागणिक वेगळा ड्रम, म्हणजे शाईचं नळकांडं, लागतो, आणि प्रश्नपत्रिका छापणाऱ्याला काळ्याखेरीज दुसरा ड्रम कशाला लागतोय? आधी विचारून जा.

झेरॉक्सचं दुसरं सुख म्हणजे वीस प्रती काढा, कोणी ऱ्हस्व-दीर्घ दाखवलं की सुधारा, पुन्हा वीस काढा. रिसोत मास्टरचा, म्हणजे पानाच्या स्टेन्सिलचा, खर्च १० प्रतींना तेवढाच आणि २०० ना तेवढाच, म्हणून हाव सुटते आणि गठ्ठे पलंगाखाली जातात. झेरॉक्स म्हणजे कच्चं काम, असंही कोणी समजू नये. अमेरिकेत जॉन पोर्सेलिनो १९८९ पासून स्वतःचं कॉमिक स्वतःच काढतोय, आणि सुरुवातीची कित्येक वर्षं झेरॉक्सवरच.

फक्त परीक्षेचा हंगाम टाळा, आणि पान आपोआप लहान-मोठं करणारी ‘फिट टू पेज’ सेटिंग काढायला लावा. ए६ आकारात १६ पानं ए४च्या दोनच कागदांत बसतात, पण पाठपोट जुळली नाही तर कापताना चौकटी जातात. म्हणून पहिला कागद तिथेच दुमडून उजेडात धरा. सेंटर पिनिंग, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारणं, बाईंडरकडून करून घ्या, नाहीतर अप्पा बळवंत चौकात लांब हाताचा स्टेपलर मिळतो का बघा. साधा मधल्या घडीपर्यंत पोचत नाही.