डोंगरउतारावर ४० घरांचे टप्पे: सिव्हिल थ्रीडी कितपत साथ देतं?

उतारावरच्या एका घराचं सपाटीकरण जवळपास कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये जमतं. कस लागतो तो ४० घरांना. तिसऱ्या ओळीतल्या एका जोत्याची पातळी ३० सेंटिमीटर वर नेली की वरच्या ओळीची भिंत, खालचा ढाळ, मधलं गटार आणि मातीचा हिशेब सगळंच हलतं. ऑटोडेस्कचं सिव्हिल थ्रीडी हे जमीन आणि रस्त्यांच्या आखणीचं सॉफ्टवेअर हा बदल आपोआप पुढे नेतं का, एवढंच इथे तपासलं आहे. नेतं. मात्र त्यासाठी मेनूत सगळ्यात आधी हाताशी येणारं टूल बाजूला ठेवावं लागतं.

ते टूल म्हणजे ग्रेडिंग ऑब्जेक्ट. पॅडची (घरासाठी सपाट केलेल्या जागेची) फीचर लाइन, म्हणजे बिंदूंना पातळी असलेली रेषा, निवडायची, १ उभा २ आडवा असा ढाळ द्यायचा, आणि तो जमिनीला टेकेपर्यंत जातो. सुट्या पॅडला हे उत्तम. पण ओळीने पॅड आले की प्रत्येक ढाळ मूळ जमीनच शोधत जातो, शेजारच्या पॅडचा त्याला पत्ता नसतो. मग ढाळ एकमेकांत घुसतात आणि आतल्या कोपऱ्यांवर त्रिकोणांचा गुंता होतो. खोदाई-भराव जुळवण्यासाठी पातळी आपोआप वर-खाली करण्याची सोय आहे, पण ती अख्खा ग्रेडिंग ग्रुप किंवा त्यातला निवडलेला भाग एकाच मापाने उचलते. घरागणिक वेगळी पातळी ठरवायची असेल तर तिचा उपयोग नाही.

भरवशाची पद्धत वेगळी आहे. प्रत्येक पॅडची बंद फीचर लाइन काढा, तिला घराच्या क्रमांकाचं नाव द्या आणि सगळ्या पातळ्या एका एक्सेल तक्त्यात ठेवा: घर क्रमांक, पॅडची पातळी, पॅडचा उतार, उताराची दिशा. डायनॅमो या सिव्हिल थ्रीडीसोबत येणाऱ्या प्रोग्रॅमिंग टूलची स्क्रिप्ट तक्ता वाचते, नावावरून फीचर लाइन शोधते आणि तिच्या बिंदूंना पातळी देते. फीचर लाइन हाताळायला सोबतचे नोड (स्क्रिप्टचे तयार ठोकळे) कमी पडले तर सिव्हिल थ्रीडी टूलकिट हे पॅकेज घ्यावं. नावांत शिस्त हवीच. ‘अ-७’ आणि ‘अ७’ स्क्रिप्टसाठी दोन वेगळी घरं आहेत.

टप्प्यांमधला ढाळ स्टेप्ड ऑफसेटने (ठरावीक अंतरावर वेगळ्या पातळीची समांतर फीचर लाइन काढून) किंवा कॉरिडॉरने (एका रेषेच्या लांबीभर ठरलेला छेद फिरवून) करावा. लांब सरळ ओळ असेल तर कॉरिडॉरच चांगला, कारण पॅडच्या मागच्या कडेची फीचर लाइन बेसलाइन, म्हणजे आधाररेषा, म्हणून चालते आणि गटार व ढाळ एकाच असेंब्लीत, म्हणजे छेदाच्या आराखड्यात, बसतात. त्याआधी कागदावर एक हिशेब करून घ्यावा. जमिनीचा उतार १२.५ टक्के आणि प्लॉटची खोली २४ मीटर, म्हणजे दर ओळीला ३ मीटरचा फरक. १४ मीटर खोल पॅड २ टक्क्यांनी उताराच्या दिशेला कलता ठेवला तर त्यात ०.२८ मीटर उतरतात, उरतात २.७२. १:२ च्या ढाळाला ५.४४ मीटर जागा जाते. मागे १० मीटर आहेत, म्हणजे गटार आणि मोकळ्या पट्टीला साडेचार मीटर मिळतात. हे गणित बसत नसेल तर भिंत लागणार, तिथे सॉफ्टवेअर काही करू शकत नाही.

भिंतीचा मामला नाजूक आहे. टिन सरफेसमध्ये, म्हणजे त्रिकोणांच्या जाळीने बनलेल्या जमिनीच्या मॉडेलमध्ये, एकाच जागी दोन पातळ्या बसत नाहीत. म्हणून भिंतीच्या माथ्याची आणि पायथ्याची अशा दोन फीचर लाइन लागतात, दोहोंत १ सेंटिमीटरचं आडवं अंतर. त्या एकमेकींना छेदल्या की सरफेसवर काटे उभे राहतात. दुसरा नेहमीचा घोटाळा साइटचा (सिव्हिल थ्रीडीत एकमेकींवर परिणाम करणाऱ्या रेषांचा गट): एकाच साइटमधल्या फीचर लाइन छेदल्या तर छेदबिंदूला शेवटी बदललेल्या लाइनची पातळी दोघींनाही लागते. एक पॅड दुरुस्त करावा आणि शेजारच्याचा कोपरा नकळत हलावा, असं त्यातून होतं. पॅडच्या लाइन कुठल्याच साइटमध्ये न ठेवणं हा त्यावरचा स्वच्छ उपाय.

ओळीगणिक वेगळा सरफेस करून शेवटी एका सरफेसमध्ये पेस्ट करावा. जिथे सरफेस एकमेकांवर येतात तिथे शेवटी पेस्ट केलेला वरचढ ठरतो, त्यामुळे आधी ढाळ, मग पॅड, मग रस्ता हा क्रम ठेवावा. स्क्रिप्ट चालू असताना सरफेसचं आपोआप रिबिल्ड बंद ठेवलं नाही, तर एकेका बदलाला सगळं नव्याने बांधत बसतं.

मातीच्या हिशेबात सर्वांत महाग चूक होते ती फरशीची तयार पातळी आणि पॅडची पातळी एकच धरल्याने. १२ बाय १४ मीटरच्या पॅडवर जोत्याची जाडी ०.४५ मीटर असेल तर एका घरामागे ७५.६ घनमीटर, ४० घरांना ३,०२४ घनमीटर नसलेला भराव कागदावर येतो. सुपीक मातीचा थर काढायचा असेल तर मूळ सरफेसची प्रत तेवढी खाली उतरवून तिच्याशी तुलना करावी. दाबल्यावर माती १० टक्के आटत असेल तर व्हॉल्यूम सरफेसमध्ये (दोन सरफेसमधली माती मोजणाऱ्या सरफेसमध्ये) भरावाचा गुणक १.११ द्यावा, १.१० नव्हे.

ग्रेडिंग ऑप्टिमायझेशन हे जोड-टूल पातळ्यांचा पहिला अंदाज काढायला खरोखर छान आहे. पॅड, उताराच्या मर्यादा, भिंती सांगितल्या की ते माती कमीत कमी हलेल अशी रचना शोधतं. त्याचे आकडे मात्र मिलिमीटरपर्यंत सुटे येतात. ते ५ सेंटिमीटरच्या पटीत आणून तक्त्यात भरावेत आणि माती पुन्हा मोजावी: ४० पॅडची पातळी सरसकट ५ सेंटिमीटर सरकली तर ३३६ घनमीटरचा फरक पडतो. हे टूल एईसी कलेक्शन या ऑटोडेस्कच्या सॉफ्टवेअर-संचाच्या परवान्यातच मिळतं, नुसत्या सिव्हिल थ्रीडीच्या परवान्यात नाही. पाच-सहा घरांसाठी तो खर्च करू नये, तेवढ्या कामाला डायनॅमोचीही गरज नाही, हाताने काढलेल्या फीचर लाइन पुरतात.